शुगर असताना ट्रिगर फिंगरचं इंजेक्शन घ्यावं का?

प्रश्न (धरमपेठ_ना): आई 58 वर्षांची. उजव्या हाताची अनामिका रोज सकाळी वाकून अडकून राहते, दुसऱ्या हाताने सरळ केली की 'टक्' वाजते. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ट्रिगर फिंगर सांगून स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) 8.2. सुई नेमकी कुठे देतात? शुगर किती वाढते? अन् तीन आठवड्यांनी घरी लग्न आहे, तोवर हात चालेल का?

हात_ओटी: सुई बोटात नाही, तळहातात, बोटाच्या मुळाशी देतात. तिथे ए-वन पुली नावाचा पट्टा असतो. त्याच्याखालून जाणारी स्नायूरज्जू (बोट वाकवणारी दोरी) जाड झाली की अडकते. औषध रज्जूभोवतीच्या आवरणात जायला हवं, रज्जूत नाही. सुई टोचल्यावर बोट हळूच हलवायला सांगतात. बोटासोबत सुई डोलली, तर ती रज्जूत आहे, किंचित मागे घ्यावी लागते. औषध ढकलायला जोर लागत असेल तर तिथे ढकलायचंच नाही. रज्जू कमजोर होऊन तुटण्याचा धोका त्यातूनच, क्वचित का होईना.

मात्रा साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम ट्रायामसिनोलोन हे स्टिरॉइड, सोबत थोडं बधिर करणारं लिग्नोकेन. बधिरपणा काही तासांत उतरतो, मग एकदोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. खरा आराम काही दिवसांत ते तीन आठवड्यांत येतो. म्हणून लग्न डोळ्यापुढे असेल तर आत्ताच घ्या, आदल्या आठवड्यात नको. कणीक मळणं, कपडे पिळणं आठवडाभर दुसऱ्या कुणाकडे द्या. रात्री बोटाचा मूळसांधा सरळ ठेवणारी पट्टी लावा.

औषधवाला_इतवारी: शुगरचं गणित आधी करा, ताई. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चढते, बहुतेकांत पाचेक दिवसांत उतरते. आधीच जास्त असलेल्यांत जास्त चढते. तेवढे दिवस उपाशीपोटी अन् जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघून लिहून ठेवा. 300 च्या वर राहिली, तहान अन् लघवी वाढली तर डॉक्टरांना फोन करा. गोळ्या स्वतः वाढवू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतः बंद करू नका, फक्त आधी सांगा. हातावर फोड, जखम किंवा ताप असेल तर इंजेक्शन पुढे ढकलायचं. टोचल्यावर दोनतीन दिवसांनी लाली, गरमपणा, ताप वाढत गेला तर तो साधा दुखवा नव्हे, संसर्ग असू शकतो. लगेच दाखवा.

धरमपेठ_ना: दोघांचे आभार. आईचं मनगटही अंगठ्याच्या बाजूला दुखतं. त्यालाही हेच इंजेक्शन?

हात_ओटी: ते डी क्वेरवेन (अंगठ्याच्या रज्जूंचं मनगटाशी अडकून दुखणं) असू शकतं, आधी तपासून घ्या. सुई तिथेही चालते, पण मनगटाची ती जागा अगदी कातडीखाली असते. औषध वर सांडलं तर पांढरा डाग पडतो, चरबी जिरून खळगा होतो. काहींत आत दोन वेगळे कप्पे असतात, एकच भरला की आराम येत नाही, अशा वेळी सोनोग्राफी कामी येते. दोन्ही एकाच दिवशी टोचून घेतली तर शुगरवर दुप्पट मात्रेचा भार, त्यामुळे अंतर ठेवायला सांगा.

मधुमेहात ट्रिगर फिंगर सुईने कायमचं सुटण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी, हे आईला आधीच सांगा. दोन सुयांनंतरही बोट अडकत असेल तर तिसरीसाठी आग्रह नको. पट्टा मोकळा करायचं छोटं ऑपरेशन लोकल भूल देऊन होतं. मात्र शेवटच्या सुईनंतर साधारण तीन महिने जाऊ द्या, आधी केलं तर संसर्गाचा धोका वाढतो.