बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या जुन्या संस्थांमध्ये देखभाल नेमके कोण करत असे?

प्रश्न – अभ्यासू वाचक
अमेरिकेतील विलोब्रुक संस्थेविषयी शोधताना, १९७२ साली पत्रकार जेराल्डो रिव्हेरा यांनी दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या तेथील दुरवस्थेच्या दृश्यांचाच उल्लेख सर्वत्र आढळतो. या संस्था मुळात शाळा होत्या, तर तेथे दिवसभर चालत काय असे आणि हजारो निवाशांची देखभाल कोण करत असे?

उत्तर – विशेष शिक्षिका
सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी १८४८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये अशी शाळा काढली, तेव्हा मुलांना शिकवून घरी परत पाठवणे हाच हेतू होता. पुढे परत पाठवणे मागे पडले आणि संस्था फुगत गेल्या. देखभालीचा मोठा भार निवासीच उचलत. ज्यांची अक्षमता सौम्य ठरवली जाई, ते धोबीखान्यात, स्वयंपाकघरात आणि संस्थेच्या शेतावर राबत; इतरांना भरवणे, अंघोळ घालणे हेही त्यांच्याकडेच असे आणि मोबदला बहुधा नसेच. म्हणजे जी माणसे बाहेर सहज जगू शकली असती, तीच संस्थेला सर्वांत जास्त हवी होती. मला यातला हा सर्वांत मोठा अन्याय वाटतो. १९७३ साली संघीय न्यायालयाने अशा कामाला किमान वेतनाचा कायदा लागू होतो असे ठरवले. त्यानंतर अनेक संस्थांनी वेतन देण्याऐवजी कामच बंद केले.

उत्तर – परिचारक
ज्यांना काम करता येत नसे, त्यांचा दिवस एका मोठ्या खोलीत, बाकावर किंवा फरशीवर, काहीही न करता जाई. विलोब्रुक सुमारे ४,००० जणांसाठी बांधले होते. १९६० च्या दशकात तेथे ६,००० हून अधिक माणसे होती. तेथील एका डॉक्टरांनी रिव्हेरा यांना सांगितले होते की एका मुलाला भरवायला सरासरी तीन मिनिटे मिळतात. घाईत भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, हे या कामातल्या कोणालाही ठाऊक असते.

उत्तर – कायद्याची विद्यार्थिनी
पेन्सिल्वेनियातील पेनहर्स्ट या अशाच संस्थेविरुद्धच्या खटल्याचा १९७७ सालचा निकाल अवश्य वाचावा. तेथे राहून निवाशांची आधीची कौशल्येही घटली, असे न्यायाधीशांनी त्यात नोंदवले आहे. ही संस्था अखेर १९८७ साली बंद झाली.