दोर ताणतात नि लोंबतात त्यावर

तुमच्या जहाजाच्या मॉडेलवरचे दोर पावसात ताणतात आणि उन्हाळ्यात लोंबतात म्हणताय, म्हणजे दोरा सुती असणार. पॉलिएस्टरचा घ्या, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा, लवही बसते.

मी सध्या १:९६ मापात 'ट्रिंकोमाली' ही जुनी ब्रिटिश युद्धनौका करतोय. १८१७ साली मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली, आता इंग्लंडात हार्टलपूलला असते. खलाशांच्या डोलकाठीवर चढायच्या दोरपायऱ्या खऱ्या जहाजावर एकमेकींपासून १५ इंचांवर धरल्या तर मॉडेलवर जेमतेम ४ मिमी! मागे आलेखाचा कागद लावून प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला क्लोव्ह हिचने, म्हणजे दोन वेढ्यांच्या गाठीने, बांधायची. पहिल्या खेपेला गाठी जोरात ओढल्या, तर बाहेरचे दोर कंबर आवळल्यासारखे आत आले. तीन रविवारांचं काम कात्रीने कापलं. आता गाठ नुसती टेकवतो, वर पातळ फेव्हिकॉलचा थेंब.

आणि हो, उभे पक्के दोर डांबरी काळे, शिडं हलवणारे मात्र फिके ठेवा.