मॅडोनाकडून काय घ्यायचं?

"मुलींनी तिच्याकडून घ्यायचं काय, कपडे?" असा प्रश्न अमेरिकन पॉप गायिका मॅडोनाबद्दल कुणीतरी विचारलेला वाचला आणि हसू आलं. १९८९ साली एड्सचं नाव काढलं तरी लोक चार हात लांब सरकायचे. तेव्हा मॅडोनाने आपल्या अल्बमच्या पाकिटात एड्सची माहिती देणारा कागद घातला होता. हा रोग बाई, पुरुष, मूल असं काही बघत नाही, काँडोम वापरा, असं सरळ भाषेत. त्याच वर्षी तिच्या गाण्याच्या व्हिडिओतल्या जळत्या क्रूसांवरून गदारोळ झाला, पेप्सीने तिची जाहिरात मागे घेतली; ही बया काही बधली नाही.

खळबळ हा तिचा धंदाही होता, मान्य. १९९२चं तिचं 'सेक्स' नावाचं फोटोंचं पुस्तक मला तरी निव्वळ विक्रीचा डाव वाटतो. माझ्या भाचीने मॅडोनासारखे जाळीदार हातमोजे खुशाल घालावेत, फक्त तो कागदही वाचावा.