आयल्ट्स रायटिंग ६ वरच अडकलंय, काय करू?

इंग्रजीच्या या परीक्षेत बाकी तिन्हीत (लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग) ७.५ च्या वर आहे पण रायटिंग काही ६ च्या पुढे सरकत नाही, युनिव्हर्सिटीला ६.५ पाहिजे. क्लासवाले म्हणतात भारी भारी शब्द पाठ कर. खरंच फरक पडतो का?

चहाबाज: नको रे बाबा, पाठ केलेलं लगेच कळतं. आधी टाइम बघ. टास्क २ ला (निबंध) टास्क १ च्या (ग्राफचं वर्णन) दुप्पट वेटेज आहे म्हणून ४० मिनिटं त्यालाच ठेव, ग्राफमध्ये २० च्या वर घुटमळू नको. आणि 'टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अ‍ॅग्री' विचारलं की तुझं मत पहिल्याच पॅरामध्ये येऊ दे आणि शेवटपर्यंत तेच ठेव, मध्येच पलटी मारलीस की मार्क गेलेच समज.

नाशिककर: +१. ग्राफमध्ये ओव्हरव्ह्यू टाकतोस ना? एकूण काय वाढलं काय घटलं, दोन वाक्यं, आकडे न देता. लोक प्रत्येक बारचा आकडा लिहीत बसतात, वैताग नुसता.

घुबड: कॉम्प्युटरवर दिली असशील तर वन स्किल रिटेक बघ, ६० दिवसांच्या आत फक्त रायटिंग परत देता येतं. पण युनिव्हर्सिटीला आधी मेल टाक, सगळ्या नाही धरत ते.