७० हजारांत गेमिंग पीसी, नागपूरचा उन्हाळा धरून

मॉनिटर सोडून साधारण ७० हजारांत १०८०पीवर (फुल एचडी) चांगला चालेल असा पीसी जोडायचा आहे, अशी विचारणा सारखी होते. उत्तरादाखल कुठल्या तरी चाचणीतली यादी जशीच्या तशी पुढे केली जाते. त्या यादीतले भाग वाईट नसतात. पण त्या चाचण्या २२ ते २५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बंद खोलीत ३६-३८ अंश सहज असतात. म्हणून हा धागा. ज्यांनी पीसी स्वतःच्या हातांनी जोडले आणि दुरुस्त केले आहेत, त्यांनी भाग, आकडे, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहावं. सोबत वस्तीचं नाव टाका. महालातल्या जुन्या घराची वायरिंग आणि बेस्याकडच्या नव्या फ्लॅटची वायरिंग सारखी नसते, त्यामुळे सल्लाही बदलतो.

धरमपेठ

आधी पैशांची वाटणी. ७० हजारांतले २८ ते ३० हजार ग्राफिक कार्डासाठी बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून १७-१८, एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) ५ च्या आसपास, उरलेल्यात रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट. २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीचे भाव खूप चढले, त्यामुळे जुन्या याद्यांमधलं गणित आता जुळत नाही. या बजेटमध्ये डीडीआर४ (मागच्या पिढीच्या) रॅमवर चालणारे प्रोसेसर अजून कामाचे आहेत ते त्यामुळेच.

त्यातले दोन नीट समजून घ्या. रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५ १२४००एफ. दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेडचे, आणि या किमतीच्या कार्डाला पुरून उरतात. दोघांतही अंगचं ग्राफिक नाही, त्यामुळे कार्ड बसवल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. दुकानात 'आता अंगचं ग्राफिक असलेला ५६००जी घ्या, कार्ड नंतर टाका' असं सांगतात. वर्षभर खरोखरच कार्ड घ्यायचं नसेल तर ठीक आहे. पण कार्ड लगेच घेणार असाल तर ५६००जी घेऊ नका. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, ५६००जीमध्ये १६. शिवाय ५६००जी कार्डाशी पीसीआयई ३.० (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या रस्त्याची जुनी, हळू पिढी) वरच बोलतो. खोक्यावर दोन्ही ६ कोअर दिसतात, गेममध्ये फरक पडतो.

पुढे फक्त प्रोसेसर बदलून वेग वाढवायचा असेल तर एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, नव्या पिढीची) आणि रायझन ५ ७५००एफ बघा, पण मग डीडीआर५ चा खर्च धरून चला.

मानेवाडा

रॅमबद्दल एक. १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन वेगळ्या चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटांवर) बसल्या की ५१.२. सरासरी फ्रेमपेक्षा (सेकंदाला दिसणारी चित्रं) मधेच बसणारे झटके याने कमी होतात. चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच. पहिल्या दोन खाचांत शेजारी-शेजारी लावलेल्या पट्ट्या फार दिसतात, आणि त्या एकाच चॅनेलवर असतात. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे खोक्यावरचा वेग लावणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि कुणाला कळतही नाही.

कार्डाचं: आरटीएक्स ४०६०, आरएक्स ७६००, आरएक्स ६६०० ही सगळी ८ जीबीची आणि ८ लेनची (बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याचे पदर) कार्डं. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर त्यांना काही अडचण नाही. जुना बी४५० किंवा स्वस्तातला ए५२० बोर्ड ३.० चा असतो, तिथे कार्डाचा रस्ता निम्मा होतो, सेकंदाला सुमारे ८ जीबी. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की गेम रॅमकडे धावतो, आणि नेमका तेव्हाच हा अरुंद रस्ता आडवा येतो. फ्रेम ७० दिसते आणि वळताना चित्र अडकतं. इलाज म्हणजे टेक्स्चर (चित्रातल्या पृष्ठभागांचा बारकावा) एक पायरी खाली आणणं, बाकी सेटिंग तशीच ठेवून. पैसे थोडे वाढवता येत असतील तर आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं कार्ड १६ लेनचं आहे, ते जुन्या बोर्डावरही सुखाने चालतं. त्याच नावाने ८ जीबीचंही विकलं जातं, खोकं वाचूनच घ्या. आर्क बी५८० घेताना बायोसमध्ये रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होतो का ते आधी बघा. ते बंद असेल तर हे कार्ड फार मागे पडतं.

महाल

जुन्या घरात पीसी लावण्याआधी मल्टीमीटर घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. प्लगला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. कित्येक जुन्या बोर्डांत तिसऱ्या पिनेला वायरच नसते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक एसएमपीएस बदलतात. दोष एसएमपीएसचा नसतो. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला नसेल तर बॉडी दोन्हींच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा, पण एचडीएमआयची वायर चालू पीसीला लावताना तोच करंट पोर्टमधून जातो आणि पोर्ट जातं. अर्थिंग करून घ्या. न्यूट्रलला अर्थ जोडून देणारा मिस्त्री असेल तर त्याला परत पाठवा. न्यूट्रल तुटला तर सगळ्या पत्र्यात २३० व्होल्ट येतील.

घरी इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घेण्याआधी दोन गोष्टी बघा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) आहे का, आणि त्यावरचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का. एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद कळ काढतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला लाइट गेल्यावर बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर तो सहसा तग धरतो. स्क्वेअर वेव्हवर मात्र आजकालचे एसएमपीएस घूं-घूं करतात किंवा ट्रिप होतात.

वेगळा यूपीएस घ्यायचा तर हिशेब असा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. ५६०० आणि ४०६० चा पीसी मॉनिटरसकट गेममध्ये २५०-२८० वॅट ओढतो. इतक्या वेगाने ओढली की बॅटरी निम्मीही देत नाही. पाचेक मिनिटं धरा, गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती. आणि यूपीएस उन्हाच्या भिंतीला टेकवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं.

वाडी

नागपुरात कूलर म्हटलं की खिडकीतला, म्हणून प्रोसेसरवरच्याला मी हीटसिंक म्हणतो. ५६०० बरोबर येणारा छोटा हीटसिंक २४ अंशांच्या खोलीत पुरतो. खोली १३ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. चाचणीत ७६ दिसलेला आकडा इथे ८९ होतो, आणि ५६०० ची मर्यादा ९० आहे. त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. १२० मिमी पंख्याचा एका मनोऱ्याचा हीटसिंक टाका. दिव्यांच्या पंख्यांवर जाणारे पैसे इथे वळवा.

कॅबिनेटचं तोंड जाळीचं हवं. काचेच्या तोंडाचं कॅबिनेट मे महिन्यात भट्टी होतं. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून न शिरता जाळीवरच अडते. जाळी एप्रिल ते जून दर १५ दिवसांनी झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो ठरलेल्या वेगापेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

आता खिडकीतला कूलर. पीसी त्याच खोलीत ठेवा, पण झोतात नको. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात असतात. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि कार्डाच्या पंखांवर पांढुरकी पूड बसलेली दिसली की समजा झोत थेट लागतोय. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा, दमट हवा बाहेर गेली तरच कूलर खोली थंड करतो.

नवतपाच्या (मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ) दिवसांत कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा आणि फ्रेम १०० ला बांधा. फ्रेम थोड्याच कमी होतात, पंख्यांचा आवाज मात्र लगेच उतरतो.

सीताबर्डी

कोटेशन घेताना जीएसटी धरून आहे का विचारा. भागांवर १८ टक्के आहे, 'वर लागेल' म्हटलं तर ७० चे ८२ हजार ६०० होतात. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी दुकानातच ताडून बघा. कोटेशनमध्ये '५५० वॅट एसएमपीएस', '१ टीबी एनव्हीएमई एसएसडी' एवढंच लिहिलेलं असेल तर मॉडेल लिहायला सांगा. अशा मोघम ओळींतच स्वस्त माल येतो.

एसएमपीएसच्या बाबतीत वॅटपेक्षा लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रेलला (आउटपुटला) किती अँपिअर ते बघा. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसला ४५ च्या आसपास अँपिअर असतात, म्हणजे ५४० वॅट. ३० अँपिअर दिसले तर तो ३६० वॅटचाच समजा. आणि पूर्ण ताकद किती अंशांपर्यंत देतो हेही बघा, ४० की ५०. आपल्याकडे हा फरक महत्त्वाचा आहे.

जरीपटका

जुनं कार्ड घेत असाल तर अर्धा तास गेम किंवा ताण देणारी चाचणी समोर चालवून घ्या, ५ मिनिटांत काही कळत नाही. पंख्यांचा खरखराट, स्क्रीनवर ठिपके, तापमान सारखं वर जाणं, हे २० मिनिटांनंतर दिसतं. आरएक्स ५८० घेताना शेडर (चिपमधले छोटे गणन-घटक) मोजा: खऱ्यात २३०४, २०४८ असेल तर ती हलकी आवृत्ती आहे. स्क्रू उघडलेले दिसले तर थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) कुठल्या जाडीचे टाकले ते विचारा. जाड पॅडमुळे हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही.

बेसा

जोडताना होणाऱ्या चुकांपैकी महाग पडणारी एक: मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या जुन्या वायरी नव्या एसएमपीएसला लावणं. टोक बसतं, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि हार्ड डिस्क, एसएसडी जळतात. वायरी नेहमी त्याच खोक्यातल्या.

एएम४ वर (५६०० चं सॉकेट) हीटसिंक काढताना सरळ ओढू नका. पेस्ट सुकलेली असते आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. १० मिनिटं गेम चालवून गरम करा, बंद करा, मग डावी-उजवीकडे पिळत काढा.

मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये बहुतेक ६० वरच सुरू होतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन वाढवावा लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बायोसमधल्या दोन सुरक्षा-सोयी) लागतं, म्हणून विंडोज टाकण्याआधीच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद करा.

आणि वर ज्यांना एएम५ सुचवलंय त्यांच्यासाठी: डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा चालू केला की तो रॅमची ओळख करून घेतो. काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटलेला असतो, पंखे फिरत असतात. घाबरून बटण दाबून बंद केलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. १०-१५ मिनिटं हात लावू नका, आणि तेवढ्या वेळात लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा.