दोघांच्या अभिनयावर तोललेला, दोन तासांच्या आतला सिनेमा सुचवा

अर्धविराम
शनिवारी रात्री नवऱ्याबरोबर सिनेमा बघायचाय. नात्यावरचा हवा, कथा नावापुरती आणि सगळा भार नटांवर असलेला. अटी: दोन तासांच्या आत, कोर्टकचेरी नको, गाणी नकोत. 'मॅरेज स्टोरी' बघून झालाय, तो सुचवू नका. आणि पडद्यावर फार वेळ कुणी बोललं नाही की आमचे हे घोरायला लागतात, तेवढं बघा.

खिडकीवाला
स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज', १९७३. लिव्ह उलमन आणि एर्लंड योसेफसन. पुढचे सगळे त्याच्याच जिवावर जगलेत. मात्र थिएटरसाठी कापलेला बघू नका, मूळ सहा भागांची मालिका बघा. मी दोन्ही बघितलेत म्हणून सांगतोय. दोन तासांत संसार उलगडत नसतो.

अर्धविराम
सहा भाग?

खिडकीवाला
पन्नासेक मिनिटांचा एक. रात्रीत होतात.

मावळतीचं_ऊन
'मॅरेज स्टोरी' बघाच! ॲडम ड्रायव्हर भिंतीवर बुक्की मारतो ते भांडण... अंगावर येतं.

टिपणकार
आधी धागा वाचा हो. जाता जाता, ऑस्कर त्यातल्या नवरा-बायकोपैकी कुणालाच नाही, वकीलबाई झालेल्या लॉरा डर्नला मिळालं. आणि योग्य मिळालं.

मावळतीचं_ऊन
योग्य कसं? टाळीचं भाषण हातात दिलं तर कुणीही वाजवून घेईल. ड्रायव्हरचा हात कापला जातो आणि तपासणीला आलेल्या बाईसमोर तो काही झालंच नाही असं दाखवत राहतो, ते करून दाखवा म्हणावं.

गप्पाष्टक
आमच्याकडे तो सिनेमा लावला आणि मग चूक कुणाची यावरून जे सुरू झालं ते झोपेपर्यंत. मी तिच्या बाजूने, हे त्याच्या. नवऱ्यासोबत बघायचा तर नात्यावरचा सिनेमाच नको. चोरदरोडेखोरांचा बघा.

नंदादीप
'अ सेपरेशन', २०११, असगर फरहादी. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक एकट्यादुकट्याला न देता सगळ्या नटांना मिळून एक आणि सगळ्या नट्यांना मिळून एक असं दिलं होतं, यावरून काय ते समजा. सुरुवातीलाच नवरा-बायको थेट कॅमेऱ्याकडे बघून आपापली बाजू मांडतात, न्यायाधीशाचा फक्त आवाज. आणि मुलगी आईबापांपैकी कुणाला निवडते ते न सांगताच संपतो.

टिपणकार
फोडलात शेवट!

नंदादीप
न सांगताच म्हटलंय. फोडलं काय त्यात?

टिपणकार
अहो, न सांगणं हाच तर शेवट आहे.

अर्धविराम
न्यायाधीश म्हणजे कोर्ट ना?

कोपऱ्यातली_खुर्ची
'इजाजत'. रेखा, नसीर आणि स्टेशनची वेटिंग रूम. आणखी काही लागत नाही.

गप्पाष्टक
गाणी नकोत म्हणाल्यात त्या.

कोपऱ्यातली_खुर्ची
'मेरा कुछ सामान'ला नुसतं गाणं म्हणता? आशाबाई आणि गुलजार, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय त्याला.

टिपणकार
गाणं म्हणूनच मिळाला ना?

सावकाश
अटींत बसणारे दोन सांगते. 'थ्री ऑफ अस', शंभरेक मिनिटांचा. स्मरणशक्ती जात चाललेली बाई नवऱ्याला घेऊन लहानपणीच्या गावी जाते, तिथे शाळेतला मित्र भेटतो. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत यांचं कौतुक सगळेच करतात, तुम्ही स्वानंद किरकिरेंकडे लक्ष ठेवा. बायको दुसऱ्याशी आपल्यापेक्षा मोकळी बोलतेय हे नवऱ्याला दिसतंय, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? असा नवरा जरा केविलवाणा केला की सिनेमा कोसळला असता. त्यांनी तो होऊ दिलेला नाही.

दुसरा '४५ इयर्स', दीड तासाहून थोडा जास्त. शार्लट रॅम्पलिंग आणि टॉम कोर्टनी, दोघांनाही बर्लिनला पारितोषिक. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्याची पार्टी आठवड्यावर आलीय आणि पत्र येतं, नवऱ्याच्या जुन्या प्रेयसीचा मृतदेह आल्प्सच्या बर्फात सापडला म्हणून. घटना एवढीच. पुढचं सगळं रॅम्पलिंगच्या चेहऱ्यावर. माळ्यावर एकटी बसून ती जुन्या स्लाइड्स बघते तो सीन चुकवू नका.

आणि काहीही लावा, डब केलेलं लावू नका. सबटायटल्स वाचायचा कंटाळा येतो, मान्य. पण आवाज परक्याचा आला की अर्धा अभिनय तिथेच गेला.

गप्पाष्टक
'४५ इयर्स' बघितलाय मी. ती कुत्र्याला फिरवून आणते, बास. तुमचे हे दहाव्या मिनिटाला घोरतील.

खिडकीवाला
डबिंगवरून आठवलं, मी बर्गमन सबटायटल्स बंद करून बघतो.

टिपणकार
स्वीडिश येतं तुम्हाला?

खिडकीवाला
कळतं.

उशिरा_आलो
'थ्री ऑफ अस' कुणीच कसा नाही सुचवला? अहलावतने काय काम केलंय!

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. 'बिफोर मिडनाइट' ठरवलाय. ईथन हॉक, जुली देल्पी. दोन तासांच्या आत आहे, आणि दोघं अखंड बोलतात, म्हणजे झोपायची सोय नाही. हॉटेलच्या खोलीत मोठं भांडणही आहे म्हणे.

टिपणकार
तो तिसरा भाग आहे! १९९५, २००४, मग २०१३. दर नऊ वर्षांनी तेच दोघे. आधीचे बघितलेत ना?

अर्धविराम
नाही. प्रेमात कसे पडले ते मागाहून बघू. भांडण आधी.

सावकाश
अहो, त्या भांडणाचं निम्मं वजन आधीच्या दोन भागांतून आलंय. पहिल्यातले कोवळे चेहरे डोळ्यांसमोर नसतील तर नुसती दोन चिडकी माणसं दिसतील. निदान दुसरा तरी बघा, ऐंशी मिनिटांचा आहे.

अर्धविराम
दोन्ही मिळून दोन तासांच्या वर जातं.

खिडकीवाला
तिसऱ्यापासूनच सुरू करायचं तर बर्गमनचाही तिसरा भाग लावा. नवरा घरी येतो आणि दुसरी भेटली म्हणून सांगून मोकळा होतो. पन्नास मिनिटं. कोर्ट नाही, गाणं नाही.