छोट्या वर्कशॉपमध्ये हत्यारं कशी लावावीत? पेगबोर्ड ठेवू की काढू?

टिचकी
खोली ८ बाय १० फूट, एका भिंतीला ५ फुटी बेंच. सहा पटाश्या, दोन रंधे, तीन करवती, कानशी, पाने, पकडी, ड्रिल आणि त्याची बिट्स, शिवाय स्क्रू-खिळ्यांचे डबे. बेंचमागे विटांची प्लास्टर केलेली भिंत आहे, तिच्यावर ३ मिमी हार्डबोर्डचा पेगबोर्ड, म्हणजे हुक अडकवायला भोकं पाडलेला फळा. तक्रारी तीन: पक्कड उचलली की हुकही सोबत येतो, बोर्ड मधोमध फुगून पुढे आलाय, आणि बेंचखालच्या खोल ड्रॉवरमध्ये पटाश्या गंजतायत. पेगबोर्ड काढून सगळं ड्रॉवरमध्ये न्यावं का?

पाचर
बोर्ड वाईट नाही, बसवलाय चुकीचा. तो भिंतीला टेकलेला असणार, त्यामुळे हुकचं वळलेलं टोक भोकातून मागे पूर्ण जात नाही. मागे २० मिमी पोकळी ठेवा: चारी कडांना २० मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या आणि मध्ये दर ४०० मिमीवर एक उभी पट्टी. फुगणंही त्यानेच थांबेल. हुकची तार भोकाच्या मापाचीच हवी, ६ मिमीच्या भोकात बारीक तारेचा हुक डुलणारच. ज्या हुकांची जागा पक्की झाली आहे ते बोर्ड चढवण्याआधीच केबल टायने आवळून टाका, नंतर मागे हात जात नाही.

पट्ट्या भिंतीला लावताना स्क्रूची लांबी मोजून घ्या. ७५ मिमी स्क्रूतले २० मिमी पट्टीत गेले, साधारण १५ मिमी प्लास्टरमध्ये, म्हणजे विटेत राहिले ४०. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, प्लास्टरच्या पलीकडे, विटेत बसली पाहिजे. नुसत्या प्लास्टरमध्ये धरलेली गिट्टी वजन आलं की खपलीसकट बाहेर येते. भोक ८ मिमीचं, स्क्रूपेक्षा थोडं खोल, आणि गिट्टी घालण्याआधी आतली भुकटी फुंकून काढायची.

खतकस
पाचर यांच्याशी सहमत, पण रंधे आणि मोगरी पेगबोर्डवर नकोच. जड वस्तूंसाठी ४५ अंशात कापलेल्या प्लायच्या पट्ट्या, ज्यांना फ्रेंच क्लीट म्हणतात, त्या लावा. १८ मिमी प्लायची १६० मिमी रुंद पट्टी मधोमध ४५ अंशात चिरली की दोन तुकडे मिळतात. एक भिंतीवर, त्याचा उतार वर आणि भिंतीच्या बाजूला, म्हणजे टोकदार कड बाहेर. दुसरा उलटा करून रॅकच्या पाठीला. वजन जितकं जास्त, तितका रॅक भिंतीकडे ओढला जातो.

लोक दोन गोष्टी विसरतात. एक, टोकदार कड २-३ मिमी तासून बोथट करायची, नाहीतर भुसा खाचेत साचतो आणि रॅक नीट बसत नाही. दुसरी, रॅकच्या खालच्या कडेला मागून १८ मिमीचा तुकडा लावायचा. तो नसेल तर रॅक खालून आत झुकतो. एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला फळा) वापरू नका, त्याची कड तुटते.

पटाश्यांच्या रॅकला बंद भोकं पाडू नका, पुढून उघड्या खाचा करा. खाच पात्याच्या जाडीपेक्षा २ मिमी मोठी, पण मुठीपेक्षा अरुंद. पटाशी मुठीच्या खांद्यावर लटकते आणि उचलताना थोडी वर करून सरळ पुढे ओढता येते. खाली धार उघडी राहते, तिच्यापुढे अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावा. चुंबकाची पट्टी पटाश्यांना नको: हात जरा चुकला की धार पट्टीवर आपटते, शिवाय पातं चुंबकीय होऊन लोखंडाचा कीस धरतं.

कानशी एकमेकींना टेकल्या तरी दाते बोथट होतात. प्रत्येकीला वेगळी खाच, किंवा कापडी गुंडाळीत वेगळा कप्पा.

गुण्या
गंजाचं कारण बहुधा तो खोल ड्रॉवरच आहे. बंद जागा, हवा खेळत नाही, आणि तळाशी स्पंज अंथरला असेल तर तो ओल धरून पात्याला चिकटून राहतो. फोम हवाच असेल तर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, ईव्हीए फोम घ्या. ठेवण्याआधी पातं पुसून मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा, घामाच्या बोटांचे ठसे आधी गंजतात. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी बंद डब्यातच काम करते, उघड्या ड्रॉवरमध्ये ती लवकर भरते. आणि ओल्या कापडाने बेंच पुसून तेच कापड ड्रॉवरमध्ये टाकण्याची सवय असेल, तर ती आधी सोडा.

ड्रॉवर ठेवाच, पण उथळ. हाताच्या हत्यारांना ६०-७० मिमी आतली उंची पुरते. खोल ड्रॉवरात दोन थर झाले की खालचं हत्यार कुणी शोधत नाही, नवीनच विकत आणतो!

टिचकी
आभारी आहे. बिट्स आणि स्क्रूंचं काय? आणि बोर्डवर हत्यारांच्या बाह्यरेषा रंगवाव्यात का?

पाचर
रेषा रंगवायची घाई नको. महिनाभर मार्करने लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या लावा, जागा बदलतात. बाह्यरेषेचा फायदा एकच, काय जागेवर नाही ते लगेच दिसतं.

बिट्ससाठी जाड लाकडाच्या ठोकळ्यात १ ते १३ मिमी, दर अर्ध्या मिमीला एक, म्हणजे २५ भोकं. प्रत्येक भोक बिटपेक्षा अर्धा मिमी मोठं, नाहीतर पावसाळी हवेत लाकूड फुगून बिट अडकतं. माप ठोकळ्यावर कोरा, कारण बिटच्या दांड्यावरचा आकडा ड्रिलच्या चकच्या (बिट धरणाऱ्या जबड्याच्या) पकडीने झिजून जातो. लाकडाची आणि काँक्रीटची बिट्स वेगळ्या ठोकळ्यांत.

खतकस
स्क्रू जाडी आणि लांबीप्रमाणे वेगळे करा, डब्यावर आकड्यासोबत एक नमुना स्क्रू टेपने चिकटवा. उरलेसुरले सगळे एका डब्यात, तो भरला की मोकळा करायचा. चार्जर आणि बॅटऱ्या मात्र भुश्यापासून दूर, उन्हाने तापणाऱ्या खिडकीजवळ नकोत, आणि चार्ज झाली की बॅटरी काढून घ्या.